बुदखंडताईंचा अडकलेला परतावा

दारखान शहरात आमच्या कुंपणाला लागूनच बुदखंडताईंचं गेर, म्हणजे गोल तंबूचं घर, आहे. त्याच्या छपरावरचा लोकरीचा नमदा उत्तरेच्या बाजूने इतका विरलाय, की आतून उजेड दिसतो. मागच्या हिवाळ्यात चुलीत कोळसा घालता घालता ताई मेटाकुटीला आल्या होत्या. यंदा थंडीच्या आत नवा नमदा घालायचाच, असं त्यांनी ठरवलं. पैसे कराच्या परताव्यातून येणार होते.

आमच्याकडे काहीही विकत घेतलं की किमतीत सरकारचा कर असतोच. दुकानात आपला नंबर सांगितला की खरेदी आपल्या नावावर चढते आणि त्या करातला थोडा भाग मागाहून बँकेत परत येतो. ताईंच्या घरी हा नंबर नवऱ्याचा होता. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी पीठ घ्या की चहा घ्या, ताई त्यांचाच नंबर सांगायच्या. मी एकदा म्हटलं, आता स्वतःचा द्या की. तर म्हणाल्या, "राहू दे गं. देवळात त्यांच्यासाठी दिवा लावते, तसंच हे. त्यांच्या खाती काहीतरी जमा होतंय ना." मला त्यात वावगं वाटलं नाही. मीही माझ्या आईसाठी लामांकडून पाठ करून घेते.

माणूस गेल्यावर बँक त्याचं खातं गोठवते, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. वसंतात ताई पैसे काढायला गेल्या तेव्हा ते कळलं. मग अख्खा उन्हाळा वारसाचे कागद करण्यात गेला. या खिडकीवरून त्या खिडकीवर, इथला शिक्का झाला तर तिथली सही राहिली. दर वेळी मी सोबत होते. शेवटी बँकेतली सोलोंगो नावाची मुलगी म्हणाली, आता एकच राहिलं. फोनवर आवाज नोंदवायचा. वारसाने खातेदाराचं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

आमच्यातल्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि तो गेल्यावर तर नाहीच. म्हणून मीही ते इथे लिहीत नाही. ताईंनी कागद पुढे सरकवला. "इथे लिहिलंय ना पोरी. तूच वाच की."

"मी वाचून चालत नाही, आजी. आवाज तुमचाच लागतो."

मी सांगते म्हटलं, तेही चालेना. ताई लिहून द्यायला तयार होत्या, त्यालाही नकार. मागे रांगेत एक जाडा गृहस्थ उभा होता. तो म्हणाला, "नाव घ्यायची लाज वाटते, पैसे घ्यायची नाही वाटत."

ताई मागे वळल्या. "तुझी बायको घेत असेल बाबा तुझं नाव. कुठल्या शिव्यांबरोबर घेते, ते घरी जाऊन विचार." रांग हसली. तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मग ताईंनी डोळे मिटले. हातातली जपमाळ फिरवत ओठांतल्या ओठांत काही म्हटलं, फोनवर वाकल्या आणि नाव घेतलं. इतकं हळू, की शेजारी उभ्या असलेल्या मला श्वास सोडल्यासारखं वाटलं. त्यांच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

फोनमधली बाई म्हणाली, "नाव स्पष्ट ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा सांगा."

सोलोंगो ओशाळली. "आजी, जरा मोठ्याने."

ताईंनी फोन खाली ठेवला. "एकदा घेतलं. आता नाही घेणार." आणि कागद गोळा करायला लागल्या.

बाहेर आल्यावर मी भांडलेच त्यांच्याशी. पिठावर कर घेताना कोणी आवाज मागितला नाही, आणि त्यातला चिमूटभर परत द्यायचा तर एवढं सोंग, असं म्हणून आधी बँकेवर चिडले, मग त्यांच्यावर. थंडी तोंडावर आलीय, परत आत चला, नाव घेतलं म्हणून तुमचे ते काही रागावणार नाहीत, असंही म्हटलं.

"ते नाहीच रागावणार," ताई म्हणाल्या. "मला झोप लागणार नाही."

रविवारी आम्ही दोघींनी त्यांच्या पलंगामागे भिंतीला टांगलेला गालिचा काढून छपरावर उत्तरेकडे टाकला आणि घोड्याच्या केसांच्या दोराने आवळला. त्याची फुलांची बाजू वर ठेवायची की खाली, यावरून आमचं पुन्हा वाजलं. वारा सुटला की त्याचा एक कोपरा उचलला जातो आणि ताई दगड घेऊन बाहेर येतात. पैसे बँकेतच आहेत.