मास्तरांच्या चाकाच्या तारा

उत्तमराव मास्तरांच्या सायकलची तार तुटली की आधी टण्णकन आवाज व्हायचा. मग मागचं चाक चिमट्याला घासत लंगडायचं, आणि मग मास्तरांच्या तोंडून चौथीच्या वर्गात उच्चारता येणार नाहीत असे शब्द बाहेर पडायचे. कुठल्या मुहूर्तावर ही अवदसा घेतली, देव जाणे!

बीबी गावाहून वाडीवरच्या शाळेपर्यंत सगळा दगडगोट्यांचा रस्ता. जिल्हा परिषद नवी, तिचे साहेबही नवे आणि वेळेच्या बाबतीत महाकडक. "आणखी एकदा उशीर झाला तर घाटाखाली बदली," असं त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं. मास्तरांना घाटाखालच्या उन्हाची भीती नव्हती. पण लग्न अजून जमलेलं नाही, आई गेलेली, घरात वडील कडूबा एकटे, आणि म्हातारबुवा गावाची शीव सोडायला तयार नाहीत. आपण गेलो तर यांना भाकर कोण टाकून देणार, या विचारानं मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता.

सायकल दुकानवाला शेषराव तुटलेली तार बदलून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून द्यायचा. चार दिवसांत शेजारची तुटायची.

"मास्तर, तारा गंजून राह्यल्या. सायकल पान्यात ठेवता का?" त्यानं एकदा विचारलं.

"सायकल हाय ते, म्हैस नोहे!" मास्तर कडाडले.

घरी आल्यावर रोज तोच त्रागा. चाक ढिलं झालं, तारा खुळखुळतात, नशीबच फुटकं! कडूबा मुकाट ऐकून घ्यायचे. त्यांचा जन्म बैलगाडी हाकण्यात गेलेला. पहाटे उठून ते सायकल ओढ्यावर न्यायचे आणि लख्ख पुसून आणायचे. निदान धुण्याचा तरी ताप नाही, एवढंच मास्तरांना समाधान.

साहेबांच्या तपासणीच्या दिवशी मास्तर लवकर उठले आणि सायकल आणायला स्वतःच ओढ्यावर गेले. सायकल पाण्यात आडवी पडलेली. वाहून जाऊ नये म्हणून वर दगड ठेवलेले. काठावर कडूबा बिडी ओढत बसले होते.

"बाबा, हे काय?"

"भिजू घातली. गाडीचं चाक ढिलं झालं का आपण डोहात नाही ठेवत? पानी पेऊन आरे फुगते, घट्ट बसते. रोज ठेवून राह्यलो. तुही बदली नको व्हाले."

मास्तरांच्या कपाळाची शीर तटतटली. "लाकूड फुगते बाबा, लाकूड! हे लोखंड हाय! तुमच्याच पाई मले घर सोडा लागते!"

म्हाताऱ्यानं बिडी दगडावर विझवली.

त्या दिवशी मास्तर धापा टाकत, साहेबांच्या जरासे आधी शाळेत पोचले. संध्याकाळी शेषरावानं सगळ्याच तारा नव्या घातल्या. बदली टळली, तारा तुटायच्या थांबल्या.

पण घरात मास्तरांना करमेना. कडूबा आता सायकलच्या वाऱ्यालाही उभे राहत नव्हते. ती अंगणात असली तर भिंतीकडून वळसा घालून जायचे. आपण नको ते बोललो, हे मास्तरांना आतून खात होतं. शेवटी एका सकाळी त्यांनी मुद्दामच हाक मारली.

"बाबा, सीट हलते वाटते. पाहा बरं जरा."

कडूबा ओसरीवरून हलले नाहीत.

"शेषरावले दाखव, बापा," ते म्हणाले. "म्या हात लावला अन् तुही बदली झाली, मंग?"