ऑईलच्या तोटीची सुरगाठ

आमच्या अप्पांची हयात लातूरच्या मोंढ्यात गेली, धान्याच्या आडत दुकानावर. तिथं पोत्याचं तोंड बांधलं की हमाल ओढून बघणार, मग तोलणारा, मग आडत्या, आणि ज्याचा माल तो शेतकरी तर दोनदा. दुसऱ्यानं मारलेल्या गाठीवर भरवसा ठेवणारा मोंढ्यात टिकत न्हाई, असं अप्पा म्हणायचे. मोंढा सुटला, ओढून बघणं काही सुटलं न्हाई. दाराची कडी, गॅसची नळी, माझी वेणी, सगळं ओढून झालं.

मग त्यांनी गाडीला ऑईलची तोटी बसवली. इंजिनचं तेल काढायला खालचा नट खोलून खोलून आटे गेले होते, म्हणून मोबाईलवर बघून मागवलेली. पितळी, बोटाएवढी. दांडा जरा उचलून फिरवला की सगळं तेल खाली. खालून दगड लागून तो फिरू नये म्हणून सोबत एक क्लिप आली होती. अप्पांनी ती चिमटीत धरली. "एवढीशी! ही काय दगड अडवणार?" म्हणत फेकून दिली आणि सुतळी काढली.

त्याच आठवड्यात माझी शिक्षिकेची ऑर्डर आली. नायगावच्या शाळेत दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या आत रुजू व्हायचं, न्हाईतर नेमणूक रद्द. किती परीक्षा दिल्या तेव्हा कुठं मिळालेली नोकरी! मी म्हटलं, एसटीनं जाते. "घरी गाडी असून?" अप्पांना अपमानच वाटला. सोबत दोन्ही काका तयार. पोरगी नोकरीला चालली तरी वरात पाहिजेच.

सकाळी अप्पा गाडीखाली आडवे. दांड्याला सुतळीचे वेढे, वर गाठ. उरलेल्या सुतळीनं माझ्या कागदपत्रांचा गठ्ठाही बांधला. मग थोरले काका खाली जाऊन हिसका देऊन आले. "हाय घट्ट." धाकटे गेले. "हाव, लई घट्ट." तेव्हा कुठं गाडी हलली.

अहमदपूरच्या पुढं गतिरोधकावर गाडीच्या बुडाला खट्ट वाजलं. तिघांचे चेहरे उतरले. समोरच चहाचं हॉटेल होतं. आधी चहा, भजी; मग तपासणी. माझं घड्याळाकडं बघणं कुणालाच दिसून राहिलं न्हाई.

आता मोंढ्याच्या गाठीचं सांगते. लिलावात पोतं झटक्यात उघडून माल दाखवावा लागतो, म्हणून अप्पा सुरगाठ मारायचे. मधून कितीही हिसके द्या, ढिम्म हलत न्हाई. मोकळं टोक ओढलं की मात्र सपशेल सुटती. अप्पांच्या हातांना दुसरी गाठ येतच न्हाई.

"मी बघतो," म्हणत थोरले काका नव्या पांढऱ्या शर्टासकट खाली सरकले आणि दम लावून नेमकं टोकच ओढलं. गाठ सुटली, वेढे उलगडताना दांडा उचलला जाऊन फिरला, आणि सगळं ऑईल काकांच्या मिशांत. चहाभजीत वेळ गेला म्हणून ते कोमट झालं होतं, न्हाईतर काका भाजले असते. दगडाला जमलं न्हाई, गतिरोधकाला जमलं न्हाई, ते काकांनी काळजीपोटी करून दाखवलं.

ऑईलशिवाय गाडी जागची हलणार न्हवती. मी रस्त्यातच कडाडले, "अप्पा, आता माझी नोकरीपण ओढून बघा, सुटती का!"

अप्पा सुतळी हातात घेऊन तसेच रस्त्यावर गेले, नायगावकडं निघालेली एक काळी-पिवळी अडवली, मला आत बसवलं. जीपचं दार लावलं. मग ते ओढून बघितलं.

"ओ काका, हँडल निघंल!" ड्रायव्हर ओरडला.

शाळेत पोचले तेव्हा क्लार्कसाहेब ऑफिसात टेबलापाशी कुलूप हातात घेऊन उभे. माझा गठ्ठा बघून म्हणाले, "ही गाठ सोडस्तोवर माझी बस जाईल, बाई. उद्या या."

उद्या! मी टोक धरलं आणि ओढलं. एका झटक्यात सगळे कागद त्यांच्या टेबलावर मोकळे. त्यांना कुलूप ठेवून पेन घ्यावंच लागलं.

बाहेर येऊन फोन लावला, तो खरं तर भांडायला. अप्पांनी हळूच विचारलं, "झालीस का रुजू?"

"झाले." भांडायचं राहूनच गेलं. "तुमची गाठ लई चांगली होती, अप्पा."

तिकडून थोरल्या काकांचा आवाज आला, "सही नीट झाली का, बघून घे म्हणावं!"

"काहीतरीच तुमचं काका," म्हणत मी फोन ठेवला आणि मागं फिरले. ऑफिस बंद झालं होतं. मी कुलूप ओढून बघितलं.