राजाभाऊंची स्टँडर्ड

चंदिगडला बदली होऊन येणाऱ्या मराठी कुटुंबाचं स्वागत राजाभाऊ देवपुजारी करतात. स्टेशनाबाहेर पांढऱ्या मारुती एटहंड्रेडला टेकून ते उभे असतात. हातात कुकर, काखेत लोणच्याची बरणी आणि चेहऱ्यावर 'कुठे येऊन पडलो' असे लोक दिसले की हात वर करून ओरडतात, "या! इकडे या! मराठीच ना?"

आम्ही आलो तेव्हाही ते असेच ओरडले. आमच्या ह्यांनी, म्हणजे शिशिरनी, सांगितलं की मोहालीला नॉलेज सिटीत संशोधनाची नोकरी आहे. राजाभाऊंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हणजे स्टँडर्ड," ते म्हणाले. "घाबरू नका. स्टँडर्डच टिकते."

मग माझ्या हातातल्या डब्याकडे बोट. "यात काय आहे?"

"देव आहेत."

"मग डिकीत ठेवा ना बाप्पा. त्यांना काहून समोर बसवता? त्यांना कुठे बाहेर बघायचंय!"

मी डबा मांडीवर घेऊन बसले आणि घर येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही. ते गाडीबद्दल बोलत होते.

राजाभाऊ मूळचे नागपूरचे. सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं जुळवण्यात नोकरी गेली, आता निवृत्त. आडनाव देवपुजारी, पण घरात देव्हारा बायकोच्या, म्हणजे वंदनावहिनींच्या, माहेरचा. राजाभाऊ त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती सुरू झाली की हे चपला राखायला बाहेर. पण मूर्ती आणायची कुणाच्या गाडीतून? ह्यांच्याच. पुढची सीट काढून बाप्पांना तिथे बसवतात आणि म्हणतात, "वजन आहे म्हणून पुढे. भक्ती नाही."

माणसं ओळखायची त्यांची पद्धत एकच, मारुतीच्या मॉडेलांवरून. मेडिकल इन्स्टिट्यूटचे डॉक्टर म्हणजे डीलक्स. हवाई दलाचे अधिकारी म्हणजे एसी मॉडेल, काचा कायम वर. आम्ही संशोधक आणि शिक्षक स्टँडर्ड, सगळ्यात साधं मॉडेल.

"आणि तुम्ही कोण?" वहिनींनी एकदा विचारलं.

"मी शोरूम."

"शोरूम कसली? वर्कशॉप. रोज काहीतरी उघडं पडलेलं."

गाडीची कुळकथा ते अशी सांगतात की आमच्या कोकणातल्या दशावतारालाही इतका ताल नसेल. त्र्याऐंशीत पहिली आली, चौकोनी, डब्यासारखी. शहाऐंशीत अंग बदललं. सत्त्याण्णवात नाक गोल झालं. दोन हजारात कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि चारचे पाच गिअर झाले. चौदात अवतार संपला. यातल्या दोन हजारला त्यांचा आवाज पडतो. कारण त्याच वर्षी त्यांनी आपली घेतली, कार्बोरेटरची, चार गिअरची, स्टँडर्ड, आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या बंगल्यात पाच गिअरवाली येऊन उभी राहिली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मेहुणी जास्त सुंदर निघाली तर माणूस जसा गप्प होईल, तसे ते त्या वर्षी गप्प होते, असं वहिनी सांगतात. त्यांना धाकटी बहीण आहे, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

गप्प बसून ते कामाला लागले. स्टँडर्डला डाव्या बाजूला आरसा नव्हता. सेक्टर अठ्ठेचाळीसच्या मोटर मार्केटमधून एका डीलक्सचा आणला. सीट रेक्झिनच्या होत्या, त्या तिसऱ्याच गाडीच्या कापडी आल्या. बंपर आला, डॅशबोर्ड आला, दारं बदलली. एका ठोकलेल्या गाडीतून एसी काढून बसवला. तो लावला की गाडी कसौलीचा घाट चढत नाही. मग राजाभाऊ विचारतात, "गार व्हायचंय की वर जायचंय? एकच मिळेल." इंजिनाला मात्र हात लावला नाही. ते नियमबाह्य आहे, असं ते म्हणतात. पाप म्हणायची त्यांची तयारी नसते.

सगळ्यात कहर गिअरचा. पाच गिअरच्या गाडीचा लिव्हरवरचा गोळा आणून त्यांनी आपल्या चार गिअरच्या लिव्हरवर बसवला. त्यावर पाच लिहिलंय. पाचवा नाहीच. शिशिरनी एकदा गाडी चालवायला घेतली आणि मध्य मार्ग या हमरस्त्यावर तो पाचवा शोधत राहिले. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, आणि राजाभाऊ शेजारी बसून शांतपणे म्हणत होते, "तो पाहण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही."

दर पाच वर्षांनी अशा जुन्या गाडीचं पासिंग करून घ्यावं लागतं. या वर्षी ते भाद्रपदात आलं. त्यांच्या मुलीचं नाव पूर्वी, ती जवळच खरडला राहते. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. रविवारी येऊन तिनं बजावलं, "बाबा, इस बार फेल हुई ना, तो सीधा स्क्रॅप. पक्का?"

"पक्का," राजाभाऊ म्हणाले. पोरीपुढे त्यांचं काही चालत नाही.

मी म्हटलं, "पितृपक्ष चालू आहे, निदान तो जाऊ द्या."

"पेट्रोलला पितृपक्ष कळत नाही," ते म्हणाले. आणि पुढच्याच दमात, "पण तुम्ही चला सोबत. तुमचे देव रिकामेच बसलेले असतात, त्यांना थोडं काम द्या."

म्हणून मंगळवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. वहिनी पुढे, मी मागे. दोन चौक झाले तरी राजाभाऊ कुळकथेवर आले नाहीत, तेव्हा मला वेगळं वाटायला लागलं. तिसऱ्या चौकाला लाल दिवा लागला. ते समोर बघत म्हणाले, "आता लोक मोबाइलवर बोट लावतात, टॅक्सी येते. माझ्याकडे येतात ते गाडी आहे म्हणून. गाडी गेली की मला कोण फोन करून राहिलं?"

वहिनींनी उगाच काच खाली केली, वर केली.

आरटीओच्या मैदानात तपासायला एक उंच सरदारजी निरीक्षक होते. दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, हॉर्न वाजवला. मग स्वतः बसून गाडी एक चक्कर फिरवली आणि काच खाली करून विचारलं, "अंकलजी, पाँचवाँ कहाँ है?"

"नहीं है जी."

"लिखा तो है."

"वो उम्मीद है."

सरदारजी हसले. आम्हीही हसलो. झालं, असं मला वाटलं आणि मी मनात मारुतीरायाला एक शनिवार कबूल करून टाकला. जरा घाईच झाली.

कारण मग त्यांनी बॉनेट उघडलं. आत मागच्या पत्र्यावर गाडीचा चॅसी नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, की नंबराचा ठसा कागदावर उठतो. तो कागद जोडल्याशिवाय पासिंग नाही. सरदारजींनी पेन्सिल घासली. कागदावर ढग उठले. पुन्हा घासली. आणखी ढग.

"नंबर तो है ही नहीं."

"जंग लगा है," राजाभाऊ पटकन म्हणाले.

"पूरी गाड़ी में कहीं जंग नहीं, अंकलजी. सिर्फ नंबर पे?" सरदारजींचा आवाज बदलला. "ऐसे तो चोरी की गाड़ी में घिसते हैं."

राजाभाऊंचा चेहरा गाडीपेक्षा पांढरा झाला. वहिनी मात्र पदर खोचून पुढे झाल्या.

"चोरी? इन को चोरी करना आता ना भैया, तो ये डीलक्स चुराते! स्टँडर्ड कौन चुराता है?"

मुद्दा बिनतोड होता, पण सरदारजी त्यानं हलले नाहीत. त्यांनी फडकं घेतलं आणि पत्रा पुसायला लागले. आधी काळं निघालं, मग तांबूस. आणि मग निघालं पिवळं. बॅटरीच्या मागे बोट घालून त्यांनी चिमूटभर चुरा बाहेर काढला. वाळलेल्या पाकळ्या. त्याखालून नारळाच्या शेंड्यांचा गुंता.

"ये क्या है?"

मी बघताक्षणी ओळखलं. झेंडू. हळद. कुंकू. माझ्या देव्हाऱ्याचा कोपरा घासताना मी दर महिन्याला हेच काढते. मी राजाभाऊंकडे पाहिलं. ते माझ्याकडे अजिबात बघत नव्हते. आणि मी तोंड मिटून उभी राहिले. देवाचं नाव घ्यायचं तर ज्याचं त्यानंच घ्यावं.

अडचण त्यांची साधी होती. गप्प बसले तर चोर, बोलले तर भक्त. त्यांचा चेहरा बघून मला एक क्षण वाटलं, हा माणूस चोर व्हायला तयार होतो की काय.

"पूजा," ते पुटपुटले.

"क्या जी?"

"पूजा करता हूँ. दशहरे को. हल्दी-कुंकुम, फूल. और नारियल का पानी."

"इंजिन में?"

"नंबर पे."

"नंबर पे क्यों?"

राजाभाऊंनी गाडीच्या छतावर हात ठेवला. "बंपर दूसरी का है, सीट तीसरी की, शीशा चौथी का, दरवाज़े पता नहीं किस के. सब मैं ने ही बदला. इस की अपनी चीज़ इंजिन और ये नंबर. इंजिन गरम रहता है. तो माथा मान के यहीं टीका लगाता था."

मग वहिनी सावकाश म्हणाल्या, "म्हणजे दसऱ्याला पहाटे उठून ऑइल बघायला जाता, ते हे?"

"हं."

"आणि चटणीला म्हणून मंडळातून नारळ आणायचात, तो दर वर्षी कुठे जातो म्हणून मी कामवाल्या बाईवर संशय घेत होते!"

"काय करणार. खाल्ला गाडीनं."

"आणि मला म्हणायचे, पत्र्याची पूजा काय करता! माझ्या मिक्सरला मी एक फूल वाहिलं तर दिवसभर हसत होते."

"मिक्सर वेगळा," राजाभाऊ क्षीणपणे म्हणाले.

सरदारजींना मराठी येत नव्हतं, पण नवराबायको कुठल्याही भाषेत कळतात. ते आधी मिशीत हसले, मग मोठ्यानं.

"अंकलजी, नई गाड़ी हम भी गुरुद्वारे ले जाते हैं, अरदास करवाते हैं. पर बाहर से हाथ जोड़ते हैं जी. अंदर नहलाते नहीं."

मग ते कामाला लागले. इंजिनाचा नंबर वेगळा असतो. तो पुसून पाहिला, स्वच्छ निघाला, कागदाशी अक्षरन् अक्षर जुळला. पुसलेल्या चॅसी नंबराचेही पहिले काही आकडे तिरप्या उजेडात वाचता आले. तेही जुळले. शेवटचे तेवढे पंचवीस दसऱ्यांनी खाल्ले होते. त्यांनी सांगितलं की गाडी चोरीची नाही हे मी लिहितो, वरून परवानगी येईल, मग तोच नंबर शेजारी नव्यानं ठोकून घ्या आणि परत आणा.

"और कारण क्या लिखूँ?" त्यांनी विचारलं.

राजाभाऊ घुटमळले. "जंग लिख दीजिए ना."

"श्रद्धा लिखिए," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही.

परवानगी नवरात्रात आली. नंबर ठोकला, कागदावर ठसा लख्ख उठला आणि गाडी पाच वर्षांसाठी पास झाली. पूर्वीला फोनवर सगळी हकिगत वहिनींनी मीठमसाला लावून सांगितली. पलीकडून कितीतरी वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "बाबा, सीरियसली? आप? यार, ये तो पहले बताते, मैं स्क्रॅप बोलती ही नहीं."

आज दसरा. या वर्षी पूजा उजेडात झाली, घरासमोर, सगळ्यांच्या देखत. वहिनी ड्रायव्हरच्या सीटवर ठाण मांडून बसल्या होत्या, बॉनेट उघडायची कळ तिथेच असते म्हणून. नारळ फुटला तो रस्त्याच्या कडेला, गाडीपासून चांगला लांब. हार बाहेरून घातला. गंधाची वाटी माझ्या हातात होती. गाडीला बोट लावलं आणि उरलेलं, न विचारता, राजाभाऊंच्या कपाळाला लावलं.

"थोडंच लावा हो," ते म्हणाले. "उद्या माझाही नंबर वाचता आला पाहिजे."

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून येणाऱ्या गाडीनं लीना नावाची एक शिक्षिका येत होती, आईला घेऊन, विद्यापीठात रुजू व्हायला. कोणीतरी राजाभाऊंचा नंबर दिला होता. ते अर्ध्या वाक्यावर किल्ली शोधायला लागले. मीही बसले गाडीत.

स्टेशनाबाहेर ते नेहमीसारखे टेकून उभे राहिले, पण ओरडायची वेळच आली नाही. लीना बॅगा ओढत सरळ आमच्याकडे आली आणि त्यांच्या कपाळाकडे बघून म्हणाली, "काका, मराठीच ना?"

राजाभाऊंचा हात कपाळाकडे गेला आणि पुसता पुसता थांबला.

"मराठीच," ते म्हणाले. "पण गंधावर जाऊ नका. आत तसं काही नाही."

लीनाच्या आईच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता. देवच असणार, आपल्या बायका दुसरं काय हातात धरून दोन दिवस प्रवास करतात. मी वाट बघत राहिले, आता डिकी म्हणतील. त्यांनी डबा घेतला, डिकीकडे एकदा पाहिलं, आणि पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"नियम आहे," राजाभाऊ म्हणाले. "पुढे बसणाऱ्याला बेल्ट लागतो."

आणि लीना, तिची आई आणि मी, तिघी मागे दाटीवाटीनं बसून सेक्टर पंधरापर्यंत आलो.