थोरवे सरांचे एकतीस लेख

आमच्या कॉलेजात कुणाचाही शोधनिबंध निघाला की त्यावर लग्नपत्रिकेसारखी नावं लागत. पत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं तर चुलता मांडवात पाऊल ठेवत नाही, हे आष्टी तालुक्यात शेंबड्या पोरालाही कळतं. तोच कायदा आम्ही शास्त्राला लावला. मी तिथं ग्रंथपाल होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, अजून सत्काराला बोलावतात.

वनस्पतिशास्त्राचे आसाराम थोरवे सर म्हणजे सगळ्यांचे चुलते. नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांचा स्वतःचा विषय एकच, डोंगरातलं सीताफळ. कोणतं झाड कधी फुलतं, किती फुलं वाया जातात, हे ते अठरा वर्षं वहीत टिपत होते. त्यावर लेख तीन. पण नावावर लेख एकतीस! भूगोलवाल्यांचा पाझर तलावांवरचा, मराठीवाल्यांचा जात्यावरच्या ओव्यांवरचा, क्रीडाशिक्षक भगवानरावांचा कबड्डीपटूंच्या गुडघ्यांवरचा. या शेवटच्यात सरांचा वाटा एवढाच की लिहिताना भगवानराव सरांच्या खुर्चीत बसले होते.

गाजला तो मात्र रसायनशास्त्राच्या उज्मा शेख मॅडमचा लेख. परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेनं रंगाचं पाणी निवळतं, हे तिनं चार वर्षं खपून दाखवलं. ती तासिकेवर शिकवणारी, सर वडीलधारे, आणि राखेचं पोतं सरांनी एसटीतून स्वतः आणलेलं. म्हणून तिनं त्यांचं नाव पहिलं घातलं. देशोदेशीच्या तीनशे दहा जणांनी आपापल्या लेखात त्याचा दाखला दिला. सीताफळाच्या तिन्ही लेखांना मिळून दाखले नऊ, त्यातले दोन सरांनीच सरांना दिलेले.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना सरांची प्रोफेसरपदाची मुलाखत लागली. पुन्हा संधी मिळेल असं वय नव्हतं. नियमाला दहा लेख पुरे होते, त्यामुळे सरांच्या मंडळींनी, सरस्वतीबाईंनी, पेढे कुणाकुणाला द्यायचे तेही ठरवून टाकलं होतं.

समिती कॉलेजातच आली. लेखांच्या फायली घेऊन मी सरांच्या शेजारी उभा. अध्यक्षांनी पानं चाळली, विज्ञान, भाषा, खेळ, तुमचा हात सगळीकडे फिरलाय म्हणाले. मग राखेचा लेख काढून साधंच विचारलं, की राख आधी धुऊन घेतली होती की तशीच वापरली?

उत्तर फायलीत छापलेलंच होतं. मी त्या ओळीवर बोट ठेवून खाकरलो. सरांनी ओळीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"मला ठाऊक नाही. काम उज्मा शेख यांचं आहे. मी पोतं आणलं."

"आणि बाकीचे?"

"तीन माझे. उरलेल्यांत नुसतं नाव आहे."

समितीतल्या तिघाही साहेबांना एकदम तहान लागली. त्यांच्या याद्या मी नंतर चाळल्या, ती माझी खोडच आहे. एकाचे एकशे चौदा लेख निघाले.

संध्याकाळी ग्रंथालयात बसून सरांनी इंटरनेटवरच्या आपल्या यादीतून अठ्ठावीस लेख एकेक करून काढले. दाखले उरले नऊ. राखेच्या लेखावर उज्माचं नाव पहिलं करा, असं पत्र त्या मासिकालाही धाडलं. हे कळलं तशी ती धावत ग्रंथालयात आली.

"सर, कावून सांगितलं? मी काही तक्रार केली होती का?"

"त्यांनी विचारलं, बेटा. अन् मला खरंच माहीत नव्हतं."

ती सरांच्या शेजारी बसली. मग कागद ओढून राख कशी धुतात ते काढून दाखवायला लागली, आणि सर पहिल्या बाकावरच्या पोरासारखे ऐकत बसले.

महिन्याभरात पत्र आलं, लेख अपुरे. प्रोफेसर न होताच सर निवृत्त झाले. भगवानरावांनी तर अबोला धरला. आमचा गुडघा काय हलका हाय का, असं गावभर विचारत फिरले.

गेल्या दिवाळीत सरांचा सीताफळावरचा चौथा लेख आला. तो घेऊन सर आपण होऊन भगवानरावांकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, पान उलटसुलट केलं, नावं शोधली.

"एकट्याचंच?" ते काळजीनं म्हणाले. "सर, घरात समद्यांशी भांडण झालं का काय?"