मनाच्या डॉक्टरणीची मी घेतलेली परीक्षा

म्हातारपणी माणूस शहाणं होतं म्हणतात. माझं काय झालं ते ऐका, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हेच सांगताना आमच्या गावच्या शांतीच्या नाकातून चहा आला होता.

माझी थोरली जाऊ, आवडीबाय, गेल्या गणेशचवथीच्या आधी वारली. हळर्ण गावात आमचं एक घर, एक चूल, आणि त्या चुलीपाशी आम्ही दोघी. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून भांडत होतो. शेजारी कोंबड्याच्या आरवण्यानं उठत नसत, आमच्या आवाजानं उठत. कोंबडा एखाद दिवस चुकेल, आम्ही चुकलो नाही.

ती गेली आणि माझं जेवण गेलं. ताट पुढे यायचं, घास हातात यायचा, तोंडात जायला तयार नाही. माझे लाडके बांगडे समोर, आणि मी त्यांच्याकडे बघतेय, ते माझ्याकडे बघतायत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

मुलगा म्हणाला, "आई, मोपा विमानतळावरच्या विमानांचा आवाज तुला बाधतोय."

"विमान काय माझ्या ताटात उतरतं?" मी म्हटलं.

रक्त तपासलं, पोट तपासलं. पेडण्याचा डॉक्टर म्हणाला, शरीर ठणठणीत आहे, मनाचं काहीतरी आहे, सायकॉलॉजिस्टकडे न्या. माझी सून दीपा एकटीच परसात जाऊन डोळे पुसून आली. ते पाहिलं आणि मी म्हटलं, चला, न्याल तिथे येते. अशीच सुकत गेले असते तर पुढची चवथ भिंतीवरच्या फोटोतून बघितली असती.

बसमध्ये दीपा मला सगळं समजावत होती. मनातलं बोलायचं, लाजायचं नाही, तिथलं बोलणं बाहेर जात नाही. मी खिडकीतून काजूची झाडं बघत होते. मला त्यातलं एकच कळलं होतं: मनाची डॉक्टर. म्हणजे मन ओळखणारी. म्हणजे आमचा गावचा देवऋषी, घाडीच की, फक्त शिकलेला!

आता घाड्याकडे कसं जायचं हे आम्हाला कोणी शिकवायला नको. मूठभर तांदूळ न्यायचे, त्याच्यापुढे ठेवायचे आणि तोंड मिटून बसायचं. आपलं दुखणं आपण सांगायचं नाही. आपणच सांगितलं तर तो कशाला? खरा असेल तर तोच सांगेल. खोटा असेल तर इकडचं तिकडचं विचारून तुमच्याच तोंडातून काढून घेईल. ही परीक्षा माझ्या सासूनं मला शिकवलेली.

शहरात, औषधाच्या दुकानाच्या माडीवर तिची खोली. डॉक्टरीण वास्कोची, माझ्या नातीएवढी पोर. दीपाला बाहेर बसवलं आणि मला म्हणाली, "या आजी, बसा. सांगा, कसं वाटतंय?"

घ्या! बसल्या बसल्या विचारायला लागली! मी पदराची गाठ सोडली, तांदूळ तिच्या टेबलावर ठेवले आणि तोंड मिटलं.

तिनं तांदळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत तांदळाकडे.

"हे माझ्यासाठी आणलंत?"

मी गप्प.

"बरं. बोलावंसं वाटेल तेव्हा बोला आजी. घाई नाही."

आणि तीही गप्प बसली! अहो, बसली म्हणजे काय, देवळातल्या मूर्तीनं तिच्याकडून शिकावं. पंखा फिरतोय, खाली बसवाला हॉर्न मारतोय, एक मुंगी येऊन तांदळाचा दाणा घेऊन गेली. आम्ही दोघींनी ती जाईपर्यंत बघितली. पण शब्द? ना तिचा, ना माझा. मनात म्हटलं, पोर कसलेली आहे.

शेवटी तिनं घड्याळ बघितलं आणि मऊ आवाजात म्हणाली, "आज तुम्ही आलात, हेच पुष्कळ झालं. घास तोंडात जात नाही, ना? पुढच्या मंगळवारी परत बोलू."

माझ्या अंगावर काटा! न सांगता ओळखलं! मी तिला वाकून नमस्कार केला. ती घाबरून उभीच राहिली.

गावात परतले आणि मी ही गोष्ट पोटात ठेवली असती, तर पुढचं काही घडलं नसतं. पण पोटात घासच राहत नव्हता, तिथे गोष्ट कुठून राहणार? पुढच्या मंगळवारी बसमध्ये माझ्याबरोबर दोघी. शेजारची कमळी, तिची शेळी हरवलेली. आणि शांती, तिच्या मुलाचं लग्न जुळत नव्हतं. दोघींच्या हातात नारळ. दीपाला कामावर जायचं होतं, नाहीतर तिनं आम्हाला वाटेत धारगळलाच बसमधून उतरवलं असतं.

दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून मी आत गेले. "हां, आता उपाय सांग," मी म्हटलं.

"उपाय मी कसा सांगणार आजी? आपण दोघी मिळून शोधू."

"शोधू? तुला ठाऊक नाही?"

"नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय मला काहीच कळणार नाही."

"मग मागच्या खेपेला कसं ओळखलंस?"

"तुमच्या सुनेनं फोनवर सांगितलं होतं."

तुम्हीच सांगा, माणसाला राग येईल की नाही? मी उभी राहिले. "फोनवर? अगो, एवढं शिकलीस आणि समोर बसलेल्या बाईचं मन कळत नाही? माझी जाऊ बघ! शाळेची पायरी चढली नव्हती, पण माझ्या पाठमोऱ्या चालण्यावरून ओळखायची, की मी जेवले की नाही!"

"मग काय म्हणायच्या त्या?" पोरीनं शांतपणे विचारलं.

काय म्हणायची! मी पदर कमरेला खोचला, हनुवटी वर केली आणि आवडीबायचा तो फाटका आवाज काढला. "काय गो धाकटे! सोंग करून बसलीस? माशांचं हुमण खारट केलंस ते केलंस, आता तोंड कशाला वाकडं करतेस? तुझ्या हाताला चव नाही हे साऱ्या पेडण्याला ठाऊक आहे! जेव मुकाट! तू मेलीस तर मी भांडू कोणाशी?"

सगळं आठवलं मला, सगळं म्हटलं, एकही शिवी गाळली नाही. आणि मग एकदम खुर्चीत बसले.

"घरात सगळी गोड बोलतात गो," मी म्हटलं. "आई, थोडं घ्या ना. आजी, एकच घास. पण ताटावर बसले की कान तिच्या आवाजाकडे. आणि तो येत नाही."

मग मी रडले. त्या पोरीनं खुर्ची जवळ ओढली. इतके महिने कोणाला सांगितलं नव्हतं. मलाच कुठे ठाऊक होतं? कोणाला जायचं असेल तर ऐकून ठेवा: तिथे आपणच बोलायचं असतं, आणि एका खेपेत होत नाही, मी अजून जाते. पण त्या दिवशी डोळे पुसले आणि पोटात अशी भूक उठली की मागच्या खेपेचे तांदूळ टेबलावर असते तर कच्चेच खाल्ले असते.

दार उघडलं. बाहेर कमळी आणि शांती हात जोडून उभ्या, दोघींचे चेहरे पांढरेफटक. भिंतीपलीकडून त्यांनी आवाज ऐकला होता, आणि तो माझा नव्हता!

"आवडीवैनी," कमळी म्हणाली, "धाकटीच्या अंगात आलीस?" तिनं नारळ माझ्या पायाशी ठेवला. "बोल वैनी, काय इच्छा राहिली तुझी?"

खरं सांगून टाकायला हवं होतं. पण अशी संधी परत कधी यायची? उभ्या जन्मात जे आवडीबायच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही, ते आता तिच्याच तोंडून, दोन साक्षीदारांसमोर! मी डोळे फिरवले, हनुवटी वर केली.

"माझी धाकटी... हुमण... माझ्यापेक्षा सरस करायची. मी कधी बोलून दाखवलं नाही."



कमळीनं हात सोडले, खाली वाकली आणि नारळ उचलून परत पिशवीत घातला.

"चल गो शांते. ही आवडीवैनी न्हय."

"कशावरून?"

"आवडीवैनी मेली तरी असं बोलायची नाही."