परत फिरायची वेळ

डोंगरावर जायचं ठरलं की मी कागदावर आधी परत फिरायची वेळ लिहितो. ही सवय मला भोकरदनच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी टपरी असलेल्या एका चहावाल्याने लावली. त्याचं नावही मी विचारलं नाही.

मार्चमधली सकाळ होती, सोबत मुलगी होती. चहा गाळता गाळता तो माझ्या हातातला कागद तिरक्या नजरेने वाचत होता. सातला निघायचं, साडेदहाला माथा.

"चढायचं बराबर लिव्हलं, सर. परत फिरायचं कुठंय?"

"एवढासा तर डोंगर!" मी तोऱ्यात म्हणालो.

"डोंगर लहान हाय, ऊन लहान न्हाई." माझ्याच खिशातलं पेन काढून त्याने कागदावर 'दहा' लिहिलं. "दहाला जिथं असाल तिथून वळा. साडेबाराला तुमचा चहा टाकतो."

दहाला माथा समोर दिसत होता. मुलगी म्हणाली, "बाबा, वळू या." मी ऐकलं नाही.

उतरताना पाणी संपलं. वाटेवर एकही झाड नव्हतं. मुलीला चक्कर आली, मग ती बोलेनाशी झाली. तिला धरून एकेक पाऊल टाकताना मला तो दहाचा आकडाच दिसत होता.

अर्ध्या वाटेवर तो चहावालाच वर येताना दिसला, खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. डोक्याचा ओला गमछा तिच्या डोक्यावर टाकला आणि म्हणाला, "घोट घोट घ्या, ताई."

टपरीवर दोन कप बशीने झाकून ठेवलेले होते. चहावर जाड साय धरली होती. त्याने ते ओतून टाकले आणि नवं आधण ठेवलं.