जावयाचा उजवा सब-वूफर

जावयाला कुणी एकच समई दिल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का?

नाही ना? समई द्यायची तर जोडीनं. मी पण एवढंच म्हणत होते हो! पण तेवढ्यापायी नेपानगरच्या कॉलनीत माझी जी शोभा झाली, ती ऐका आता. चहा घ्या आधी, गार होतोय.

आमच्या रूपालीचं लग्न थंडीत झालं. तिचे सासरे नेपानगरला पेपर मिलमध्ये, मूळचे भुसावळकडचे. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना. म्हणजे जावयाला जेवायला बोलवायचं, अनारसे करायचे, सोबत वाण म्हणून चांगली वस्तू द्यायची. आमच्या निलेशरावांना गाण्यांचा भारी शौक. त्यांच्याकडे ॲम्प्लिफायर आहे, दोन स्पीकर आहेत, फक्त सब-वूफर नाही, असं रूपालीनं मला हळूच फोनवर सांगितलं.

"सब-वूफर म्हणजे काय गं?"

"अगं आई, गाण्यात ते ढम ढम होतं ना, ते त्यातून येतं."

झालं. आमचे हे बाजारात गेले आणि घेऊन आले. काळा, जड, लहान तिजोरीएवढा डबा. वाणाची वस्तू, म्हणून मी हळदी-कुंकू लावायला बसले. पुढे नुसतं कापड, तिथं कुंकू लागेना. म्हणून डबा फिरवला, तर मागे दोन भोकं! एक लाल, एक पांढरं. खाली इंग्रजीत एल आणि आर. आणि सोबत वायर? एकच!

मी अकरावी शिकलेली बाई आहे. एल म्हणजे डावा आणि आर म्हणजे उजवा, एवढं मला कळतं. माहेरी मोठा टेप होता, त्यावर स्टिरिओ लिहिलेलं होतं आणि त्याला दोन्ही बाजूंना खोकी होती. मग?

"अहो, उजवा कुठे राहिला?"

"कोण उजवा?"

"उजवा सब-वूफर! हा तर डावा आहे. उजवा दुकानातच राहिला तुमचा."

"अगं, एकच असतो तो. दुकानदार म्हणाला."

"दुकानदार म्हणेलच!"

तुम्ही हसताय. पण माझ्या जागी बसून बघा. आमच्या विहीणबाई मनानं चांगल्या, पण बोलायला पक्क्या. 'तुझ्या आईनं अर्धी वस्तू दिली,' असं एकदा त्यांच्या तोंडून निघालं, की माझ्या लेकीनं ते दर सणाला ऐकायचं. मला रात्रभर... जाऊ द्या, सकाळी उठून मीच दुकानात गेले.

दुकानदार भला माणूस. मला खुर्ची दिली.

"भाभीजी, सब-वूफर एकच येतो. तो मोनो असतो. डाव्याचा आणि उजव्याचा बेस एकत्र करून तो एकच वाजवतो."

"मग मागे दोन भोकं कशाला?"

"जुन्या ॲम्प्लिफायरला दोन वायर लावायच्या, नव्याला एक. तसं पण बेस कुठून येतो ते कानाला समजत नाही. त्याला डावं-उजवं नसतं."

"नसतं कसं? छापलंय की तुमच्याच डब्यावर!"

"भाभीजी, समझो ना..."

"मला नका समजावू. माझ्या लेकीच्या सासरी समजावायला येणार आहात का तुम्ही?"

गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शेवटी त्यानं हात जोडले. "आपको दो चाहिए ना? दो ले जाओ." मी जिंकले! तशीच रिक्षात उजवा घेऊन घरी.

जेवणं झाली, वाण दिलं. निलेशरावांनी दोन डबे पाहिले, एकदा रूपालीकडे पाहिलं आणि म्हणाले, "मम्मी, एवढं कशाला..." नवीन जावई, सासूला नाही कसं म्हणणार? दोन डबे मोटरसायकलवर जाईनात, म्हणून संध्याकाळी गाडी करून आम्हीच ते नेपानगरला पोचवायला गेलो.

तिथं व्याह्यांनी अर्धी कॉलनी गोळा केलेली! सुनेच्या माहेराहून एक नाही, दोन-दोन सब-वूफर आले म्हणून. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला कौतुक दिसलं. मला तर आभाळच ठेंगणं झालं.

निलेशरावांनी टीव्हीच्या एका बाजूला डावा ठेवला, एका बाजूला उजवा. नीट वायरी लावल्या. ते हात धुवायला गेले, तेवढ्यात मी म्हटलं, वस्तू जागेवर बसली, आता कुंकू लावून घेऊ. लावताना मागे एक बारीक बटण दिसलं. एका बाजूला शून्य, दुसऱ्या बाजूला एकशे ऐंशी. दोन्ही डब्यांचं बटण शून्यावर! आता एक डावा, एक उजवा, आणि दोघांचं बटण एकीकडेच? घाईत राहिलं असेल बिचाऱ्यांचं. मी उजव्याचं बटण हळूच दुसरीकडे सरकवलं.

गाणं लागलं. सगळे कान टवकारून बसले.

ढम नाही की ढुम नाही. गाणाऱ्याचा आवाज येतोय, पेटी येतेय, ढोलकी मात्र नुसती टिचक्या मारल्यासारखी.

"चालू आहेत ना?" व्याह्यांनी विचारलं.

"आधी होतं तेच बरं होतं, नाही का वो?" शेजारची बाई म्हणाली.

विहीणबाईंनी नुसतं रूपालीकडे पाहिलं. ज्याला भीत होते तेच समोर आलं ना! घाबरून मी म्हटलं, "दुकानदारानं उजवा खराब दिला! मला वाटलंच होतं!"

"बघतो मी," म्हणत निलेशरावांनी उजव्याची वायर काढली. आणि जो दणका बसला म्हणता! कपाटातली भांडी वाजायला लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत वायर लावली, की ढोलकी गायब. काढली, की हजर.

"असं कसं? दोन असले की कमी, आणि एक असला की जास्त?" व्याही म्हणाले.

"दोघं एकमेकांच्या उलट हवा ढकलताहेत, पप्पा. म्हणून बेस मधल्यामध्ये मरतोय." निलेशराव डब्यामागे वाकले आणि तिथंच थांबले. मग सावकाश म्हणाले, "गाडीत बटण हललं असेल वाटेत."

देवमाणूस हो! पण विहीणबाईंनी चष्मा लावला, डब्यामागे डोकावल्या आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मग वाटेत त्या बटणाला कुंकू कुणी लावलं?"

सगळी खोली हसली. व्याही हसले, रूपाली हसली, आमचे हे तर भिंतीला टेकून हसले. मी पदर तोंडाला लावून बसले. विहीणबाईंनीच येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या ताई. लोक अर्धी वस्तू देतात, तुम्ही डबल दिली."

बटण सरळ केल्यावर दोन्ही डबे असे वाजले, की बाजूच्या क्वार्टरमधून बाळ रडल्याचा आवाज आला. मग एकच चालू ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपालीचा फोन आला. उजवा सब-वूफर विहीणबाईंनी स्वयंपाकघरात नेला, त्यावर मिक्सर ठेवला आणि चटणी वाटली. उंची अगदी बरोबर आली म्हणाल्या.